बावीस इंची पट्टी

"धरणार कोण?" बाबालाल शिकलगारानं विचारलं.

मी दुमडलेली दोरी त्याच्या पुढ्यात धरून खोड केवढं आहे ते सांगत होतो आणि हा भलतंच विचारत होता.

"धरणार मी. दुसरं कोण? तुम्ही खोड बघा की आधी. पंचवीस इंच आडवं हाय. बाभळ. एकदम लोखंड."

वडूजच्या पेठेत बाबालालचं दुकान. विळ्या-कोयत्यांना धार लावण्यात त्याच्या चार पिढ्या गेल्या. आता त्यानं पुढं फळीवर कटरं मांडली होती. पेट्रोलवर चालणारी, लांब पट्टीवरून साखळीचे दात पळवणारी. मोठी करवतच म्हणा, पण बैल अंगावर आल्यासारखी हुंकारणारी. चौदा इंची पट्टीचं, सोळाचं, अठराचं आणि अगदी टोकाला बावीसचं. माझी नजर दुकानात शिरल्यापासून त्या टोकाच्यावर होती.

"पंचवीस असलं तरी सोळाची पट्टी बास हाय," बाबालाल म्हणाला. "अर्धं हिकडनं कापा, अर्धं तिकडनं. आन फांद्यांना तर चौदाचीबी चालंल. जळणच काढायचं ना? का तुळया पाडताय?"

"दोन-दोनदा कशाला कापायचं? एका दमात खाली गेलं पाहिजे. मला वेळ न्हाई, बाबालालभाऊ."

"एवढी कसली घाई?"

कसली घाई ते त्याला काय सांगू? उद्या सकाळी देवळात सप्ताहाची वीणा उभी राहणार होती.

आमच्या गावाच्या मारुतीच्या देवळात चैत्री पौर्णिमेला सप्ताह उठतो. काल्याच्या महाप्रसादाच्या चुलवणाला जळण द्यायचा मान आम्हा काटकरांच्या घराचा. मान म्हणजे नुसत्या तीन गाड्या आणून ओतणं नव्हे. वीणा उभी राहिल्याशिवाय त्या लाकडाला पहिला घाव घालायचा नाही, आणि घाव घरच्यानंच घालायचा. रोजगारी लावायचा नाही. आबांचे, आमच्या वडिलांचे, गुडघे गेले तेव्हापासून सोळा वर्षं तो मान मी एकट्यानं ओढत होतो. थोरला भाऊ दगडूदादा होता, पण तो मृदंगी. त्याच्या हाताला कुऱ्हाड लावू द्यायची नाही, असं वडिलांनीच ठरवून टाकलं होतं. "दगड्याचा हात देवाचा, हणम्याचा हात चुलवणाचा," म्हणायचे.

मला त्याचं वाईट वाटायचं नाही. वाईट वाटायचं ते दुसऱ्याच गोष्टीचं. कीर्तन म्हटलं की माझा जीव टांगलेला असतो. चार कोसांवर कुठं कीर्तन आहे असं कळलं तरी मी भाकरी फडक्यात बांधून निघणारा माणूस. आणि आमच्याच गावात, सात दिवस, एकाहून एक बुवा येणार आणि मी दिवसभर कुऱ्हाड चालवून संध्याकाळी मंडपाच्या खांबाला टेकलो की पहिल्याच अभंगाला डोळा लागायचा. काल्याचं तर विचारूच नका. बुवा काला मांडायला लागले की चुलवणाकडून हाक यायची, "हणमा, लाकूड सरलं!" सोळा वर्षांत काल्याचं एक कीर्तन मी अथपासून इतिपर्यंत ऐकलेलं नव्हतं. या वर्षी काल्याला श्रीपतबुवा होते. मी ठरवलं होतं, या वर्षी मांडी घालून पुढच्या ओळीत बसायचं. सगळं लाकूड आधीच उडवून द्यायचं.

"ते बावीसचं काढा," मी म्हणालो.

बाबालालनं ते उचलून माझ्या हातात दिलं. हात खाली गेला. मी तो लगेच वर घेतला आणि त्याच्याकडं बघून हसलो.

"पेट्रोल-तेल भरल्यावर साडेसात-आठ किलो," तो म्हणाला. "आता घटकाभर वाटणार न्हाई काय. तिसऱ्या दिवशी कळंल. आन ऐका, पट्टीचं टोक कशाला लागू द्यायचं न्हाई. टोक लागलं की मशीन उलटं उसळतं. जेवढी पट्टी लांब, तेवढं टोक नजरेच्या पल्याड. हा म्होरचा दांडा बघा. उसळलं की ह्याला मनगट लागतं आन साखळी जागच्या जागी थांबती. पण मशीन थांबत न्हाई, ते येतंच. पुन्हा सांगतो, सोळाचं न्या."

"बांधा हेच."

"झाडाच्या मापानं घेताय तुम्ही," तो म्हणाला आणि सुतळी शोधायला आत गेला.

*

दुसऱ्या दिवशी वीणा उभी राहिली. पहिला अभंग झाला न झाला, मी ओढ्याकाठच्या रानात. रान देवळाला लागूनच आहे. मध्ये एक बांध आणि निवडुंगाची ओळ. गेल्या साली वादळात आडवी झालेली जुनी बाभळ तिथं पडली होती. दगडूदादाची बायको, पारूवहिनी, लाकडं रचायला आल्या होत्या.

"अगं बया! ही काय तोफ म्हणायची का काय?" कटर बघून त्या म्हणाल्या. "भावजी, ही धरणार कोण?"

पुन्हा तेच. मी दोरी ओढली. एकदा, दोनदा, पाचदा. सहाव्यांदा ते असं भडकलं की निवडुंगातले होले उडाले. मी पट्टी खोडावर ठेवली आणि भुसा पायावर उडायला लागला. मला इतका आनंद झाला! कुऱ्हाडीला ज्या खोडानं अर्धा दिवस खाल्ला असता ते घटकेत दोन तुकडे.

दुपारच्या भजनाआधी दगडूदादा आला. कमरेला मृदंगाच्या पिशवीतलंच फडकं, कपाळाला बुक्का. आल्या-आल्या त्यानं खोडाच्या कापलेल्या तोंडाशी बसून वीत टाकली. एक वीत, दुसरी वीत. दुसरी भरलीच नाही.

"हणमा, पंचवीस इंच म्हणालास ना?"

"व्हय."

"हे सोळाच्या म्होरं जात न्हाई."

"असं कसं? दोरीनं मोजलंय की. वेढा घेतला एक्कावन्न इंच आन दुमडला. साडेपंचवीस."

दादा माझ्याकडं बघत राहिला आणि मग खदाखदा हसत सुटला. "आरं खुळ्या! वेढा दुमडून आडवं माप येतंय व्हय? मृदंगाच्या गोल पुडीला कडंनं गजरा विणताना चामड्याची वादी किती लागती, ठावं हाय? पुडीच्या तिप्पट आन वर चार बोटं. तिप्पट! दुप्पट न्हाई. ह्येच्यापायी पहिली पुडी म्या वाया घालवली होती, तवा आबांनी मला चिंचेच्या फोकानं झोडलं होतं. मला विचारायचंस तरी."

आमच्याकडं उभं झाड विकताना व्यापारी वेढाच मोजतो, त्यामुळं जन्मभर मी झाडाकडं दोरीनंच बघत आलो होतो. एक वेढा, त्याचा अर्धा, झालं आडवं. हे असं फसेल हे डोक्यात आलंच नाही.

"मग बदलून आण की," दादा म्हणाला. "बाबालाल काय न्हाई म्हणायचा न्हाई."

"वडूजला जाऊन यायचं म्हंजे एक दिस गेला."

"गेला तर गेला."

"तुला काय! तू मंडपात बसणार. माझा काला जातो त्याचं काय?"

देवळातून टाळ वाजायला लागले तसा दादा उठला. जाता-जाता मागं वळून म्हणाला, "फोडत कवा जाणार? नुसतं कापतच सुटलायस."

"आधी सगळं कापून घेतो. फोडायचं शेवटच्या दिवशी."

दरवर्षी मी ओंडका तोडला की लगेच फोडायचो, म्हणजे कुऱ्हाड दिवसभर चालू. आता ओंडक्यांचा नुसता ढीग लागत होता. दादा त्या ढिगाकडं बघून काहीतरी बोलणार होता, पण मी दोरी ओढली. त्याचे ओठ हलले तेवढं दिसलं.

*

बाबालाल म्हणाला तसं तिसऱ्या दिवशी कळलं.

खांदे भरून आले. बोटं मिटेनात. भाकरी मोडताना हात थरथरायचा आणि कालवणाची वाटी कलंडायची. बाभळ सोळा इंचांची आणि पट्टी बावीसची, म्हणजे सहा इंच पट्टी पलीकडं रिकामी मिरवायची, तिचा भार मात्र सगळा मनगटावर. तरी थांबवत नव्हतं. सूर्याकडं बघायचं, ढिगाकडं बघायचं, पुन्हा दोरी ओढायची. वहिनी पाणी पुढं करायच्या, मी उभ्यानंच दोन घोट घ्यायचो.

"भावजी, घटकाभर बसा की. झाड काय पळून चाललंय?"

"झाड न्हाई पळत. दिवस पळतात, वहिनी."

संध्याकाळी कीर्तनाला जायचो. या वेळी डोळा लागत नव्हता, हे खरं. पण कानांत कटर भरून राहिलेलं. बुवांचा आवाज घोंगडीआडून आल्यासारखा वाटायचा. समोर लोक हसायचे, मी मागाहून हसायचो. शेजारच्यानं माझ्या हातात टाळ दिले तर ते माझ्या हातात आपोआपच वाजायला लागले, एवढा हात कापत होता. मी ते परत दिले. मृदंगावर दादा होता. मधूनच त्याची मान वर व्हायची आणि तो मंडपाबाहेर, आमच्या रानाच्या दिशेनं बघायचा. मला वाटायचं, मी आलोय का ते बघतोय. मी हात वर करायचो. तो मान हलवायचा, पण थोड्या वेळानं पुन्हा तिकडंच बघायचा.

चौथा दिवस. पाचवा दिवस. खोड संपलं. आता फांद्या राहिल्या होत्या, मांडीएवढ्या, दंडाएवढ्या, एकमेकींत गुंतलेल्या. त्यांना हे एवढं मशीन म्हणजे सुईच्या कामाला पहार. पण आता कोण थांबतो? शेवटच्या गाडीचं लाकूड समोर दिसत होतं. आजचा दिवस कापायचं, उद्याचा दिवस फोडायचं, की काला माझा.

पाचव्या दिवशी दुपारी गाथ्यावरचं भजन सुरू असेल. मला काही ऐकू येत नव्हतं. मान वर केली तर बांधावरून दादा येताना दिसला. भजन सोडून! असं तो कधी करत नसे. मी मशीन बारीक केलं.

"काय रं? भजन?"

"चाललंय. टाळावर चाललंय." तो इकडं तिकडं बघत होता, काहीतरी हरवल्यासारखा. "किती राहिलं?"

"ह्या फांद्या. तू जा."

"मी धरतो. लवकर हुईल."

"दादा, हात लावू नगंस हां."

"नुसतं धरतो रं. कापतोय कुठं?"

एका लांब फांदीचा शेंडा हलत होता, कापताना ती उड्या मारायची. त्यानं डावा हात तिच्यावर दाबून ठेवला. वहिनी लांब ढिगाशी होत्या. मला त्या वेळी वाटलं, बरं झालं. हे कबूल करतो. धरलेली फांदी झटक्यात सुटेल, असंच वाटलं.

मी मशीन वाढवलं. पट्टी फांदीवर ठेवली. माझे हात इतके गेलेले होते की मशीन पेलत नव्हतो, नुसतं टेकवत होतो. दादा काहीतरी ओरडला. त्याचं तोंड उघडलेलं दिसलं. तो काय म्हणतोय ते कळलं नाही. नंतर वहिनींनी सांगितलं, तो म्हणत होता, "टोक! टोक!"

पट्टीचं टोक पलीकडच्या दुसऱ्या फांदीला टेकलं होतं.

मशीन उसळलं. पुढच्या दांड्याला माझं मनगट लागलं आणि साखळी थांबली. मी मागं कोलमडलो. आणि ते आठ किलो, माझ्या हातांतून सुटलेलं, तसंच खाली आलं, दादाच्या डाव्या हातावर.

दादा खाली बसला आणि डावा हात उजव्या हातात धरून त्याच्याकडं बघत राहिला. मशीन अजून हुंकारत होतं. वहिनी धावत आल्या. त्यांनी आधी मशीन बंद केलं. कुठं दाबायचं ते त्या चार दिवस बघत होत्या.

आवाज थांबल्यावर पहिल्यांदा भजन ऐकू आलं. नुसते टाळ.

*

वडूजच्या डॉक्टरांनी फोटो काढला. तळव्याची दोन हाडं मोडली होती. साखळी फिरत असती तर हात राहिला नसता, असं ते म्हणाले आणि कोपरापर्यंत प्लास्टर घातलं. दीड महिना.

परतीच्या जीपमध्ये दादाच म्हणाला, "उजवा हाय की अजून." वहिनींनी खिडकीकडं तोंड केलं.

सहावा दिवस मृदंगी शोधण्यात गेला. गावच्या जाणत्यांनी पाच गावांना फोन लावले. पण चैत्री पौर्णिमा! मारुती प्रत्येक गावात आणि काला प्रत्येक देवळात. जो तो मृदंगी आपापल्या मंडपात. श्रीपतबुवा आले, त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "टाळावर करू. देव काय रुसणार आहे?" पण म्हणताना त्यांनी पाय चोळले. काल्याला नाचणारे बुवा ते, मृदंगावाचून पाय कसा उचलणार?

मी दिवसभर आणि मग पौर्णिमेला पहाटेपासून चुलवणाशी होतो. हातात कुऱ्हाड. ओंडके फोडायचे राहिले होते सगळे. कटर पोत्याखाली झाकून ठेवलेलं, तिकडं बघवत नव्हतं. एक ओंडका उभा करायचा, घाव घालायचा, दुसरा उभा करायचा. हात दुखत होता, पण थांबलं तर काय करायचं हेच कळत नव्हतं. आचारी म्हणाला, "आता बास हाय जळण दोन तासांपुरतं." मी ऐकलं नाही. मंडपाकडं पाठ करून फोडत राहिलो. काल्याला पुढच्या ओळीत बसायचं होतं ना मला? आता मागच्या ओळीतसुद्धा तोंड दाखवायची हिंमत नव्हती.

दहा वाजता बुवा उभे राहिले. टाळ लागले. मृदंगाची जागा मोकळी होती, ती मला पाठीनंसुद्धा दिसत होती.

"हणमा."

दादा मागं उभा होता. डावा हात गळ्यात बांधलेला, अंगात धुतलेला सदरा.

"चल."

"कुठं?"

"मंडपात. धुमेवर बस. शाईला मी हाय."

शाई म्हणजे मृदंगाची उजवी पुडी, जिच्यावर सगळी बोटांची करामत चालते. आणि डावी म्हणजे धुमा, तिच्यावर धुम्, खर्जातला तो एक भरदार ठोका, ज्याच्यावर सगळं उभं असतं.

"खुळा झालास का? मला वाजवाया कुठं येतंय?"

"येतंय."

"आरं, म्या कधी हात तरी लावलाय का मृदंगाला?"

"हात न्हाई लावलास. कुऱ्हाड लावलीस." तो हसला नाही. "सोळा वर्षं तू बांधाच्या पलीकडनं माझ्या धुमेवर घाव टाकतोयस. सम आली की तुझा घाव. तुला काय वाटलं, मला ऐकू येत न्हाई?"

मी कुऱ्हाडीकडं बघितलं. मला हे कधी कळलं नव्हतं. ओंडका फोडताना कानावर मृदंग असायचा, एवढंच मला ठाऊक होतं. घाव कुठं पडतो ते मी कधी बघितलं नव्हतं.

"परवा भजन सोडून रानात कशाला आलो, ठावं हाय?" दादा म्हणाला.

"मला मदत कराया."

"मदत! म्या जन्मात काडी तोडलीया का? पाच दिस कुऱ्हाड ऐकू आली न्हाई. हात सैरभैर झाला होता माझा. लय सापडंना. सप्ताहात पहिल्यांदा दोनदा सम चुकलो, गावानं तोंडावर सांगितलं न्हाई एवढंच. तुझं ते मशीन बंद करून चार ओंडके फोड म्हणून सांगाया आलो होतो. तुझ्या तोंडाची कळा बघितली आन न्हाई बोललो."

मंडपात बुवांनी मूळ अभंग धरला होता. टाळ सरळ रेषेत चालले होते, उंचवटा नाही, खोली नाही.

"पण लाकूड?" मी म्हणालो. "घाव घरच्यानंच घालायचा. मी उठलो तर…"

पारूवहिनी चुलवणाजवळ पुऱ्यांच्या कणकेला हात लावून बसल्या होत्या. त्या उठल्या, हात पदराला पुसले आणि माझ्या मुठीतून कुऱ्हाड काढून घेतली.

"वीस वर्षं झाली मला ह्या उंबऱ्यात," त्या म्हणाल्या. "मी घरची न्हवं व्हय?"

पुढच्या महिन्यात याच वहिनींना घेऊन मी बाबालालकडं गेलो. मी काही बोलायच्या आधी त्यानं बावीसचं माझ्या हातातून घेऊन आत ठेवलं. झाड केवढं, पट्टी केवढी, काही विचारलं नाही. चौदाचं उचलून वहिनींच्या हातात दिलं. "वैनी, हात लांब करा आन माळेचे अकरा मणी होईस्तोवर धरा. हात हलला तर आतलं दुसरं दाखवतो, ह्याच्याहून बारकं." वहिनींनी डोळे मिटून 'राम कृष्ण हरी' अकरा वेळा म्हटलं. पट्टीचं टोक तसूभर हललं नाही. गेली बारा वर्षं आमच्या जळणाचं कापणं त्याच्यावर चालतं, आणि मोठ्या खोडाला अर्धं इकडून अर्धं तिकडून. दादाची करंगळी मात्र अजून पूर्ण वळत नाही.

पण काल्याच्या त्या दिवशी वहिनींच्या हातात कुऱ्हाडच होती. "जावा," म्हणाल्या. "आन ही घ्या." कणकेचा एक गोळा त्यांनी माझ्या तळव्यावर ठेवला. डाव्या पुडीला कणीक थापल्याशिवाय धुम् बोलत नाही, हे मृदंग्याच्या बायकोला कोण सांगायला पाहिजे?

आम्ही मंडपात शिरलो. माझ्या अंगाला घाम, केसांत भुसा. लोक सरकले. दादानं मृदंग आमच्या दोघांत आडवा ठेवला. मी कणीक पुडीवर थापली, त्यानं बोटानं दाबून बघितली, थोडी काढून टाकली. मग उजव्या हातानं बोल सुरू केले.

मी हात उचलला आणि चुकलो. पुन्हा उचलला, पुन्हा चुकलो. टाळकरी गडबडले. बुवा थांबले, आमच्याकडं वळले, माझ्या केसांतला भुसा बघून म्हणाले, "आज लाकडाचा मान थेट मंडपात आला म्हणायचा! या, या. चुलवण इथंच पेटवू." मंडप हसला. माझे कान तापले. वाटलं, उठून पळावं.

दादा माझ्या कानाशी वाकला. "हाताकडं बघू नगंस. म्होरं ओंडका उभा हाय असं समज. बाभळीचा. सोळा इंची."

"दादा…"

"मार."

मी डोळे मिटले. ओंडका उभा केला. कुऱ्हाड वर गेली, आणि जिथं ती सोळा वर्षं पडत होती तिथं पडली.

धुम्.

दादाची बोटं तिच्यावर येऊन बसली, जशी पाखरं फांदीवर बसतात. टाळ एकदम रुंदावले. बुवांनी उपरणं कमरेला खोचलं आणि पाऊल उचललं. मी घाव टाकत राहिलो. कुठं चुकलो ते दादानं उजव्या हातानं झाकून घेतलं. बुवांनी पेंद्याचं बोबडं बोलणं सांगितलं, गवळणींची फजिती सांगितली, लोक हसून लोळले, आणि या वेळी मी सगळ्यांच्या बरोबर हसलो, मागाहून नाही.

मग दहीहंडीचा अभंग आला. बुवांनी मध्येच हात वर करून टाळ थांबवले, सगळा मंडप एका श्वासावर थांबला, नुसती आमची धुम् चालू. आणि त्या शांततेत चुलवणाच्या बाजूनं कुऱ्हाडीचा आवाज आला.

एक घाव, जरा मागं पडलेला. दुसरा, जरा पुढं. दादानं मान तिकडं वळवली आणि बोटं किंचित सैल केली, वाट बघितल्यासारखी.

तिसरा घाव माझ्या हाताबरोबर पडला.